विजेचा ब्रश घरात आणताना

मिक्सर आला तेव्हा पाट्यावरच्या चटणीची चव कुठली, म्हणणाऱ्या आपणच होतो. प्रेशर कुकरच्या पहिल्या शिट्टीला दचकून माजघरात पळणाऱ्याही आपल्यातच होत्या. आता तीच पाळी दात घासायच्या ब्रशवर आली आहे. पुण्याला नोकरी करणारा मुलगा, अमेरिकेहून आलेला भाचा किंवा घरपोच सामान आणून देणारा माणूस, कुणाच्या ना कुणाच्या हातून विजेवर चालणारा ब्रश आपल्या बारामती-इंदापूरकडच्या घरांतही येऊ लागला आहे. खोका उघडला की आत दांडा, वर बसवायची दोन-तीन डोकी, चार्जर आणि बारीक अक्षरांतली पुस्तिका. एक बटण दाबले की घुर्र, पुन्हा दाबले की वेगळे घुर्र, तिसऱ्यांदा आणखी निराळे. ही वेगवेगळी घुर्र कशासाठी, ते मात्र कुणी सांगत नाही!

हळदीकुंकवाला, भिशीला, शाळेत पालकसभेला मला दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. ‘घेण्यासारखा असतो का हो तो?’ आणि ‘घेतलाय, पण त्यातलं कुठलं बटण लावायचं?’ म्हणून म्हटले, बसून सविस्तरच लिहावे.

मुळात हे यंत्र कुणासाठी?

पहिला विजेचा ब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये निघाला. डॉ. फिलिप-गी वूग यांनी तो केला आणि त्याचे नाव होते ब्रॉक्सोडेंट. ज्या रुग्णांची बोटे, मनगटे नीट चालत नाहीत आणि ज्यांच्या दातांना तारा बसवल्या आहेत, अशांना घासणे सोपे जावे हा त्यामागचा मुख्य विचार होता. तो वायर लावूनच चालायचा. बिनवायरचा, बॅटरीवरचा ब्रश १९६१ साली अमेरिकेत बाजारात आला.

हा इतिहास मुद्दाम सांगते आहे. आपल्या घरात असा ब्रश आला की तो पहिल्यांदा कुणाला मिळतो? कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, नाहीतर घरच्या कर्त्या पुरुषाला. त्यांचे हात तर धडधाकट! साध्या चाळीस रुपयांच्या ब्रशने त्यांनी दोन मिनिटे नीट घासले तर त्यांचे भागते. आणि जिची बोटे संधिवाताने वाकली आहेत, जिचा हात थरथरतो, जिला ब्रश मागच्या दाढेपर्यंत नेता येत नाही, ती आजी मात्र बोटाने राखुंडी फिरवून उठते. खरे तर हे यंत्र तिच्यासाठीच निघाले होते.

तेव्हा घ्यायचा की नाही याचे माझे उत्तर असे : आधी घरातले हात पाहा. म्हातारपण, संधिवात, अर्धांगवायू, कंपवात, दातांना तारा, अंथरुणावरच्या माणसाचे दात दुसऱ्याने घासणे, यांपैकी काही असेल तर पैसे कारणी लागतील. तसे काही नसेल तर ब्रश चांगला आहे, पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

फायदा खरोखर होतो का? २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने ५६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तीन महिन्यांहून जास्त काळ वापरल्यावर, साध्या ब्रशच्या मानाने दातांवरचा चिकट थर २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. म्हणजे फायदा आहे, पण चमत्कार नाही. दातांवर दगडासारखे घट्ट बसलेले कीटण तर कुठल्याच ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्यांनीच काढायचे.

दोन जाती

दुकानात दहा प्रकार मांडलेले दिसले तरी मुख्य जाती दोनच.

पहिलीचे डोके लहान आणि गोल असते. ते रवीसारखे डावीकडे-उजवीकडे अर्धवट फिरत राहते. हे एकेका दातावर ठेवायचे. कॉक्रेनच्या आढाव्यात सर्वांत जास्त अभ्यास याच जातीवर झालेले होते.

दुसरीला सोनिक म्हणतात. डोके आपल्या नेहमीच्या ब्रशसारखे लांबट, पण मिनिटाला तीस हजारांच्या आसपास वेळा थरथरते. हिचा स्पर्श हलका वाटतो, मात्र सुरुवातीला नाकाशी गुदगुल्या होतात. त्याची आठवडाभरात सवय होते.

दोन्हींत काम चालण्याजोगे होते. किमतीवर किंवा रंगावर न जाता पुढच्या गोष्टी बघा.

दोन मिनिटांनी आपोआप कळवणारे घड्याळ आणि दर तीस सेकंदांनी येणारा छोटा झटका. हा झटका म्हणजे ‘आता पुढच्या बाजूला चला’ अशी खूण.

जास्त दाबले की दिवा लागणे किंवा वेग कमी होणे. आपल्याकडे भांडी घासायच्या जोराने दात घासायची सवय असते, तिला हा चांगला लगाम आहे.

मऊ केसांची डोकी, आणि तीच डोकी पुढेही सहज मिळतील याची खात्री. हे फार महत्त्वाचे! डोके दर तीन महिन्यांनी बदलायचे असते. डोके मिळाले नाही तर महागडा दांडा फडताळात पडून राहतो.

दांडा जाड, न निसटणारा आणि बटण मोठे. आजीसाठी घेत असाल तर दुकानात तिच्याच हातात देऊन पाहा. जाड दांडा आखडलेल्या बोटांना सोपा जातो, पण फार जड असला तर मनगट दुखते. बटण तिला अंगठ्याने दाबता आले पाहिजे.

परदेशातून आलेला ब्रश असेल तर चार्जरच्या तळाशी लिहिलेले वाचा. १०० ते २४० व्होल्ट असे असेल तर आपल्याकडे चालेल. नुसते ११० किंवा १२० लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो घालूच नका. चार्जर जळेल.

विजेच्या भारनियमनाची काळजी मात्र नको. चार्जिंगचा चांगला ब्रश एकदा भरला की आठवडा-दोन आठवडे चालतो. सेलवर चालणारे स्वस्त ब्रशही मिळतात. त्यांची ताकद कमी असते आणि सेल उतरत चालल्याचे पटकन लक्षात येत नाही. पण सवय लावून पाहण्यापुरते ठीक.

ते वेगवेगळे मोड

आता बटणाचे. दुकानदार पाच मोड म्हणून जास्त पैसे सांगतो. त्या पाचांत उपयोगाचे किती, ते बघू.

डेली किंवा क्लीन : हा रोजचा. पूर्ण वेग, दोन मिनिटे. वर्षातले बहुतेक दिवस याच एका मोडवर सगळ्या घराचे काम होते. पोळीला तवा लागतो, तसा हा.

सेन्सिटिव्ह : वेग आणि जोर कमी. नवा ब्रश घेतल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस सगळ्यांनी यावरच घासावे. ज्यांच्या हिरड्या दुखतात, दातांची मुळे उघडी पडून थंड पाणी झोंबते, त्यांनी यावरच राहिले तरी हरकत नाही. दोनच मोडचा ब्रश घ्यायचा असेल तर डेली आणि सेन्सिटिव्ह हे दोन असलेला घ्यावा. माझ्या मते तेवढे पुष्कळ.

गम केअर किंवा मसाज : यात वेग मागेपुढे होत राहतो. हिरड्यांच्या कडेने हलका फिरवायचा. बरे वाटते, पण एक ध्यानात ठेवा, या मोडने हिरड्यांचा आजार बरा होत नाही. हिरडीखाली कीटण असेल तर वरून कितीही मसाज केला तरी ते तिथेच राहणार.

व्हाइट किंवा पॉलिश : पुढच्या दातांवरचे चहा-पानाचे वरवरचे डाग थोडे कमी होतात. दाताचा स्वतःचा रंग बदलत नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुली दिवसातून चारदा हा मोड लावतात, तसे करू नका. हिरडी सोलवटते.

डीप क्लीन : बहुधा हाच रोजचा मोड, वेळ मात्र तीन मिनिटांचा. दाढांमागे ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांनी वापरावा.

जिभेचा मोड : यासाठी जास्त पैसे देऊ नका. आपली तांब्याची नाहीतर स्टीलची जिभली मोरीत खिळ्याला लटकलेली असतेच!

आणि ज्या ब्रशला मोबाइल जोडावा लागतो तो हौस असेल तर घ्या. दात त्यावाचूनही स्वच्छ होतात.

मिश्रीचे काय?

आता जरा अवघड विषयाला हात घालते. आपल्या भागात दात घासण्याविषयी लिहायचे आणि मिश्रीविषयी गप्प बसायचे, हे काही खरे नव्हे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, वाटून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दाताला लावत उंबऱ्यावर बसायचे, हे निमगाव केतकीच्या पानमळ्यापासून भवानीनगरच्या ऊसतोडीच्या पालांपर्यंत कुठेही दिसेल. बाईचे हे सुटत नाही कारण सुरुवात ‘दात घासणे’ म्हणूनच होते. लहानपणी दाढ दुखली तेव्हा आईने लावली, मग लावल्याशिवाय पोट साफ होईना, मग सकाळ, दुपार, शेतातून आल्यावर.

आमच्या सासूबाई इंदापूर तालुक्यातल्या खेड्यात राहतात. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. बोटे वाकलेली, पेला धरायचा तर दोन्ही हातांनी. धाकट्या दिरांनी त्यांना पुण्याहून ब्रश आणून दिला. आत्यांनी तो उलटसुलट पाहिला, बटण दाबून हसल्या आणि मला म्हणाल्या, ‘आगं, ह्या मशीनला मिश्री लावली तर चालंल का? बोटं वळत न्हाईत, हे बरं फिरंल की!’

घरातले सगळे हसले, मला मात्र हसू आले नाही. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्यांच्या दृष्टीने मिश्री हे दंतमंजनच होते, आणि मंजन लावायला ब्रश मिळाला होता. असा प्रश्न आणखीही घरांत कुणाच्या तरी मनात असेल, फक्त विचारायचे धाडस नसेल.

उत्तर स्वच्छ आहे. चालणार नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच. भाजल्याने तिचे विष जात नाही. न ओढता तोंडात धरायच्या तंबाखूने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. गरोदरपणी मिश्री लावणाऱ्या बाईचे बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. आणि यंत्राच्या वेगाने ती हिरडीवर घासणे म्हणजे सोलवटलेल्या जागी तंबाखू चोळणे. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ सालीच बंदी झाली. पण घरच्या तव्यावर कायदा कुठला पोचायला! तिथे आपणच पोचायला हवे.

आत्यांना मी बारामतीला दंतवैद्यांकडे नेले. डाव्या गालाच्या आत, जिथे त्या मिश्री धरत, तिथे पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी तपासायला तुकडा घेतला. आठ दिवस घरात कुणाला जेवण गोड लागले नाही. कर्करोग निघाला नाही, पण डॉक्टर म्हणाले, ‘आजी, ही वेळेवरची सूचना समजा.’ त्यांनी कीटण काढले, आणि पहिले पंधरा दिवस ब्रश सेन्सिटिव्हवर, फक्त पेस्टने, असे सांगितले.

पुढे जे झाले ते मुद्दाम सांगते, कारण इथेच बहुतेक घरांत गाडी अडते. तिसऱ्या दिवशी ब्रशला रक्त दिसले. आत्या म्हणाल्या, ‘बघ, मिश्रीनं कधी रगत आलं न्हाई. ह्यो तुमचा बुरूसच वंगाळ.’ शेजारणींनी मान हलवली. पण हिरडी सुजलेली असते ती आधीपासूनच. ब्रश पहिल्यांदा तिच्या कडेपर्यंत पोचतो म्हणून ते रक्त दिसते. शिवाय तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आत चालू असून वरून शांत दिसू शकतो. अशा वेळी ब्रश थांबवायचा नाही, हलक्या हाताने चालू ठेवायचा. नीट घासत राहिले तर आठ-दहा दिवसांत रक्त कमी होते. दोन आठवड्यांनंतरही येतच राहिले तर डॉक्टरांना दाखवायचे. आत्यांचे बाराव्या दिवशी थांबले.

मिश्री एकदम सुटली असे लिहिले तर ते खोटे होईल. दिवसातून पाचदाची दोनदा झाली, मग फक्त सकाळची राहिली. ती सकाळची चिमूट अजून पूर्ण सुटलेली नाही. मध्ये पंधरा-वीस दिवस सुटते, कुठे लग्नाला-मयतीला गेल्या की पुन्हा लागते. आम्ही रागवत नाही. तलफ आली की बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा पुढे करतो आणि पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी देतो. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारची फुकट फोनसेवा आहे : १८००-११-२३५६. आपल्या सासूला, आईला, शेतात येणाऱ्या बाईला हा नंबर लावून द्यायचे काम आपल्यासारख्या चार अक्षरे शिकलेल्या बायकांचे आहे.

घासायची रीत

विजेचा ब्रश हातात आला की जुनी खसाखसा विसरायची. केस आधी ओले करा, वाटाण्याएवढी पेस्ट लावा. पेस्ट फ्लोराइडची असावी. नळीवर सुमारे १००० पीपीएम असे लिहिलेले असते. दाणेदार मंजन, राखुंडी, मीठ, कोळसा या ब्रशवर अजिबात नको. वेगाने ते दाताला खरवडते.

ब्रश तोंडात घातल्यावरच बटण दाबा, नाहीतर आरशावर रांगोळी उमटते. तोंडाचे चार भाग करा : वर उजवा, वर डावा, खाली डावा, खाली उजवा. एकेका भागाला तीस सेकंद. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर ब्रश थोडा तिरका टेकवा आणि दोन-तीन सेकंद एकेका दातावर थांबत पुढे सरका. आधी बाहेरून, मग आतून, शेवटी चावायची बाजू. घासायचे काम ब्रश करतो, आपण त्याला फक्त फिरवून आणायचे.

दाब किती, हे समजायला स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. त्यावर ब्रश टेकवून साधारण १५० ग्रॅम दिसेपर्यंत दाबून बघा. केवढा थोडा दाब तो! बहुतेकींना नवल वाटेल.

घासून झाले की थुंकून टाका, पण आपल्या रिवाजाप्रमाणे तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरू नका. पेस्टमधले फ्लोराइड दातावर थोडे राहिले तर ते दाताला बळ देते. लिंबू सरबत, चिंच, कैरी खाल्ली असेल तर अर्धा तास थांबून घासा. आंबटाने दाताचा वरचा थर तेवढा वेळ नरम असतो.

सगळ्यांत महत्त्वाची वेळ रात्रीची. आपण सकाळी चहाआधी घासतो आणि रात्री दूध-गूळ खाऊन तसेच झोपतो. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून गोडाचा थर रात्रभर दात खातो. गळीत हंगामात पोरे दिवसभर ऊस चघळतात आणि ‘उसाने दात साफ होतात’ असे म्हणतात. चोथ्याने वरवर स्वच्छ वाटते खरे, पण रस साखरेचाच. त्या दिवसांत रात्रीचा ब्रश चुकवू नका.

मुलांच्या हाती

साधारण तीन वर्षांच्या आत विजेचा ब्रश देऊ नये. पुढे लहान डोक्याचा, मुलांसाठीचाच द्यावा. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात आईने किंवा बाबांनी फिरवावा. तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावर वाटाण्याएवढी. मुले पेस्ट गिळतात, म्हणून जवळ उभे राहावे.

खर्च आणि निगा

किंमत काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढेही जाते. पण हिशेब दांड्याचा नको, डोक्यांचा करा. माणशी वर्षाला चार डोकी लागतात. घरात चार माणसे तर सोळा. ती परवडत असतील तरच घ्या. दांडा एक आणि डोकी वेगवेगळी, असे करता येते. बऱ्याच डोक्यांना खाली रंगीत कडी असते, ज्याची त्याने ओळखायची. डोके मात्र कधीही दुसऱ्याचे वापरायचे नाही, नवऱ्याचेही नाही.

वापरून झाल्यावर डोके काढून वाहत्या पाण्याखाली धुवा, झटका आणि उभे वाळवा. आपल्याकडे बोअरचे पाणी क्षाराचे. दांड्याच्या टोकाशी पांढरे साचते, ते आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून काढा. उकळते पाणी वापरू नका. चार्जर मोरीत ठेवू नका, कोरड्या जागी फडताळावर ठेवा. ब्रश कायमचा निकामी झाला की आत बॅटरी असते, कचऱ्यात जाळायला टाकू नका. जुना मोबाइल जिथे देता तिथे द्या.

कवळी या ब्रशने घासू नये, तिला वेगळा ब्रश आणि साधा साबण. नुकतीच दाढ काढलेली असेल, दात हलत असतील किंवा हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांकडे जास्त लक्ष द्यावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

शेवटी एक विनंती. ब्रशवर पैसे घालण्याआधी घरातल्या थोरल्या बायकांना एकदा उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, यांतले काही दिसले तर त्याच आठवड्यात दंतवैद्यांकडे न्या. ‘म्हातारपणी असंच असतं’ म्हणून त्या टाळतील, तुम्ही टाळू नका. तिथून परत येताना मग ब्रशचे दुकान लागलेच, तर पहिला ब्रश त्यांच्या हाताला बसतो का ते बघून घ्या.